देवघर कोणी न्यायचं?

महालकर

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर शेवटी विकलं. पोळ्याच्या आत किल्ल्या द्यायच्या आहेत. आई आधीच गेली, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. भांडीकुंडी, कपाटं, शिलाई मशीन, सगळ्याची वाटणी अर्ध्या तासात उरकली. गाडं अडलं ते देवघरापाशी.

सागवानी आहे. वरची कमान समईच्या काजळीनं काळी झालेली. आत अन्नपूर्णा, बाळकृष्ण, कुलस्वामिनीचा टाक, शाळिग्राम. खालच्या फडताळात बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेले महालक्ष्म्यांचे मुखवटे. धाकटा भाऊ बंगळूरला. तो म्हणतो, "दादा, तू मोठा, तूच ठेव." मी बेसा रोडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. बायको काहीच बोलत नाही. म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना कळलं असेल.

मुखवटे पुसताना जाणवलं की आमच्या घराचं अख्खं वर्ष या फडताळाभोवती फिरायचं. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. रंगकाम काढायचं ते श्रावणाच्या आधी. ज्वारी भरायची ती आंबिलीचा हिशोब धरून. बाबा भाद्रपदात कधीच गावाबाहेर गेले नाहीत. एकदा बढतीवर बदली आली, रुजू व्हायची तारीख नेमकी महालक्ष्म्यांच्या आठवड्यात. त्यांनी बढतीवर पाणी सोडलं. आमच्या शेजारी एक जैन कुटुंब होतं. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणून त्यांचा मुलगा हिवाळ्यात पाच वाजताच बॅट टाकून घरी पळायचा. एका भिंतीला भिंत लागून राहायचो आम्ही, पण आमची घड्याळं वेगळी होती.

तर प्रश्न दोन. देवघराचं काय करू? आणि दुसरा, जरा मोठा: माणूस ज्याला भजतो तसा घडतो, की जसा असतो तसाच देव शोधून काढतो?

तर्रीपोहे

मी रोज सकाळी तर्रीला भजतो. घडलो कसा ते माझ्या पँटीचा पट्टा सांगेल. बाकी चालू द्या.

काटोलची_सून

महालकर, बाबांनी काय सोडलं ते लिहिलंत. आईनं काय सोडलं ते नाही लिहिलं.

इंदोरा_चौक

जयभीम. देवघराचा प्रश्न आमच्या घरी १९५६ सालीच निकालात निघाला, म्हणून लिहायला बसलो.

आजोबा कामठीला विड्या वळायचे. १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, ते आणि आजी पायी नागपूरला आले. आमच्या लहानपणी आजी सांगायची की गर्दीत तिला बाबासाहेब दिसलेच नाहीत, फक्त आवाज आला. परत गेल्यावर आजोबांनी देव टोपल्यात भरले आणि कन्हान नदीला सोडून आले. आजी दारात बसून रडली. खंडोबा तिच्या माहेरचा होता ना. भिंतीतला कोनाडा बरेच दिवस रिकामा राहिला. येताजाता सवयीनं हात जोडले जायचे आणि मग तिचं तिलाच हसू यायचं. पुढं वडील शाळेत जायला लागले, तेव्हा त्या कोनाड्यात त्यांची पाटी ठेवायला सुरुवात झाली, कारण घरात उंदीर न पोचणारी तेवढी एकच जागा होती.

म्हणजे तुमच्या मोठ्या प्रश्नाला माझं उत्तर 'घडतो' असं आहे. २२ प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही ही एक आहे. आजोबांची ती एका दिवसात सुटली नाही, चार-पाच वर्षं गेली. पण घरात ती 'चूक' ठरली, हे महत्त्वाचं. आधी ती नुसती सवय होती. श्राद्ध बंद झालं, त्यापायी सावकाराकडं जाणं बंद झालं. आणि दीक्षाभूमीवर दसऱ्याला कधी आला असाल तर पाहिलं असेल, लोक परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर आणि हातात पिशवीभर पुस्तकं. ज्या बाईला स्वतःला वाचता येत नाही तीही नातवासाठी घेते. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. मी सातवीत असल्यापासून वाचायला बसतोय. आज चारचौघांत उभं राहून बोलता येतं ते त्याच्यामुळं.

मिहानवाला

@इंदोरा_चौक, +१. उंदरांचं वाचून थांबलो जरा.

खर्राबंद

घडतो म्हणता? मग ऐका आमच्या काकाची गोष्ट.

काका गजानन महाराजांचे कट्टर भक्त. दर महिन्याला शेगाव ठरलेलं. तिथं गेले की हा माणूस ओळखू येत नाही बापा. चप्पल रांगेत ठेवतील, ताट स्वतः नेऊन देतील, कोणी रांगेत घुसलं तर "माउली, मागून या" म्हणतील. संस्थानाच्या आवारात कागदाचा कपटा दिसत नाही आणि काकाही टाकत नाहीत. खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी खिशात असते, पण हात लावत नाहीत.

मग संध्याकाळची गाडी धरून नागपूर. स्टेशनाबाहेर आले की पहिलं काम: पन्नी काढायची, चुना टाकून तळहातावर दोन मिनिटं घोटायचा, दाढेत धरायचा आणि टेकडी गणपतीच्या चढाकडं तोंड करून, डाव्या हातानं नमस्कार करत, उजवीकडं पिचकारी. मी डोळ्यांनी पाहिलंय. तोच भक्त, तोच दिवस.

तर देव माणसाला घडवतो, पण बहुतेक त्याच्या कंपाउंडच्या आतच.

तर्रीपोहे

'देवाचं कंपाउंड'! 😂 हे मी ऑफिसात वापरणार.

वैनगंगा_काठ

@खर्राबंद, काकांना हसू नका. महिन्यातून एक दिवस का होईना, आपण वेगळे वागू शकतो हे त्यांना कळतं तरी. आणि मला वाटतं तो फरक महाराजांपेक्षा सेवाधाऱ्यांमुळं पडतो. तिथला माणूस हात जोडून "माउली" म्हणत तुमच्या पायाखालची फरशी पुसतो. त्याच्यासमोर थुंकायला कोण धजेल? गाडगेबाबांनी हेच केलं. देव दाखवला नाही, हातात खराटा घेतला. गावात शिरले की आधी झाडलोट, रात्री कीर्तन.

नास्तिक_धंतोली

सगळे उलट्या बाजूनं बघताय. माणूस आधी, देव नंतर. शेतीला बैल लागायचा म्हणून बैलाची पूजा. व्यापाऱ्याला नफा लागतो म्हणून वहीवर शुभ-लाभ. पोरांना पास व्हायचंय म्हणून परीक्षेच्या दिवसात टेकडीवर रांग. जी गरज तोच देव. आता ट्रॅक्टर आला, तर पोळ्याला ट्रॅक्टरलाही हार घालतात. उद्या ड्रोनला घालतील. पूजेनं जगणं ठरत नाही, जगण्यानं पूजा ठरते. मारबतीचंच बघा. जे नको असेल त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करायचा आणि "घेऊन जा गे मारबत!" ओरडत जाळून टाकायचा. दर वर्षी विषय नवा. म्हणजे देव काय आणि भूत काय, आपणच घडवतो.

कास्तकार_हिंगणा

@नास्तिक_धंतोली, भाऊ, तुमी खांदशेकणी पाह्यली का कधी?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाईले आंघोळ घालतात. मंग तूप न् हळद कालवून खांदे शेकतात, जिथं वर्षभर जू घासते तिथं. माह्या बापाचा हात मले अजून दिसते. बैलाच्या खांद्यावर घट्टा पडलेला असते, बापाच्या तळहातावर पण तसाच घट्टा. दोन घट्टे एकमेकाले चोळून राह्यले असं वाटे. मंग कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन दिल्याबिगर जेवाले कसं बलावायचं? त्याले मान आहे.

तुमी म्हणता गरज होती म्हणून पूजा. बरोबर आहे. पण गरज संपल्यावर काय झालं ते आयका. आमच्या ढवळ्याले मोतीबिंदू झाला, औताले कामाचा राह्यला नाही. गिऱ्हाईक दारात आलं. बाप म्हणे, ज्याले मी एकोणीस पोळे आवतन दिलं त्याले काढून देऊ? मी तवा कर्जात होतो, मले राग आला होता, खोटं काहून बोलू. ढवळ्या तीन वर्षं गोठ्यात बसून खाऊन मेला. फायद्याचं गणित लावलं तर बाप येडा. आज माह्याकडं ट्रॅक्टर आहे, हार मी पण घालतो. पण ट्रॅक्टर इकताना माह्या पोटात कालवलं नाही. फरक तिथं आहे.

नास्तिक_धंतोली

@कास्तकार_हिंगणा, याच्यावर माझ्याकडं उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते इथं लिहिणं बरं दिसणार नाही.

पुणेरी_पाहुणा

नागपूरकरांचा धागा आणि पन्नास प्रतिसादांत अजून सावजी आलं नाही? आश्चर्य आहे.

संत्र्याची_फोड

@पुणेरी_पाहुणा, पन्नास नाही, अकरावा तुमचा. मोजणीत पुण्याचे पुढं असता म्हणे. 🙏

सात_देववाले

जय सेवा. कुरखेड्याचा आहे, आता नोकरीनिमित्त नागपुरात. आमचं सांगतो, कारण 'पूजेनं जगणं ठरतं का' हा प्रश्न आमच्यात कोणी विचारतच नाही. ते इतकं उघड आहे.

आम्हा गोंडांमध्ये सगे, म्हणजे कुळांचे गट, देवांच्या संख्येवरून पडतात. कोणी चार देववाले, कोणी पाच, सहा, सात. एकाच संख्येचे सगळे भाऊभाऊ. त्यांच्यात लग्न होत नाही, मग आडनाव कितीही वेगळं असो, गाव दोनशे कोस लांब असो. माझ्यासाठी मुली बघायला लागले तेव्हा मित्रांच्या घरी पगार, फ्लॅट, पॅकेज विचारत होते. माझ्या मामानं मुलीच्या काकाला पहिला प्रश्न केला, "किती देव?" काका म्हणाले, "सात." मामा उठला, चहा पिऊन रामराम करून निघाला. मुलगी मला आवडली होती. पण त्या क्षणापासून ती बहीण. आजही राखी पाठवते.

शिवाय प्रत्येक कुळाचं एखादं झाड, एखादा प्राणी असतो. त्याला आपण इजा करायची नाही. आमच्याकडं नवा आंबा मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय तोडत नाहीत. आधी पेनाला, म्हणजे देवाला, मग आपल्याला. नागपुरात माझी पोरं मार्चमध्ये कैरीचं पन्हं मागतात, आणि मी आणतो. आईला फोनवर सांगत नाही.

जाता जाता: ज्या महालात तुमचं घर होतं, ते नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं. तेवढं लक्षात असू द्या.

महालकर

@सात_देववाले, गांधी गेटजवळ वाढलो, शाळेत बख्त बुलंद फक्त एका ओळीत होता. दुरुस्ती मान्य.

@काटोलची_सून, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे. लिहितो, थोडा वेळ द्या.

दंडवत

दंडवत प्रणाम. माझं माहेर महानुभाव, सासर तुमच्यासारखं महालक्ष्मीवालं. दोन्हीकडची सांगते.

माहेरी परमेश्वर सोडून कोणालाच हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद घ्यायचा नाही. मांस-दारू नाहीच. शाळेत सत्यनारायण झाला की मी पोट दुखतंय सांगायची. मैत्रिणी म्हणायच्या, किती कडक ग तुमचं. पण त्या कडकपणात एक मोकळीक होती, ती मला सासरी आल्यावर कळली. चक्रधर स्वामींनी विटाळ मानला नाही. नाकातून शेंबूड येतो तसाच तो शरीराचा एक स्राव, असं त्यांचं म्हणणं. तेराव्या शतकात! म्हणून आमच्या घरी 'बाहेर बसणं' नव्हतं. चारही दिवस आई स्वयंपाक करायची, पारायणाला बसायची.

सासरी पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांत नेमकी अडचण आली. मला मागच्या खोलीत बसवलं. तीन दिवस. दाराखालून ताट सरकवायचे. घरात पंचवीस माणसं, गजबज, हसणं, आणि मी खिडकीतून पेरूचं झाड बघत बसले होते. दुसऱ्या वर्षीपासून सासूबाई आधीच गोळी आणून द्यायच्या. त्यांना वाटायचं त्या मला वाचवतायत. वाईट नव्हत्या हो. त्यांनाही कोणीतरी अशीच गोळी दिली असणार.

काटोलची_सून

@दंडवत, पेरूचं झाड. माझ्याकडं विहिरीचा रहाट होता.

हेच म्हणायचं होतं मला. इथं सगळे लिहितायत, देव माणसाला घडवतो. घडवतो, पण घरातल्या सगळ्यांना सारखा नाही. पुरुष सोवळं नेसून अर्धा तास बसतो आणि म्हणतो आमच्या घराला वळण आहे. ते वळण लावायला सोळा भाज्या कोण निवडतं? पुरण कोण वाटतं? कोठ्या, म्हणजे मुखवट्यांखालची धडं, भरून, लुगडी नेसवून, मुखवटे बसवून उभ्या महालक्ष्म्या सजवायच्या, ज्येष्ठेला जेवण, मुळावर विसर्जन, आणि नंतर आठवडाभर उसाभर. मी गेली सत्तावीस वर्षं भाद्रपदात आजारी पडले नाही. अंगात ताप असला तरी नाही.

आणि तरी एक कबूल करते. लग्नाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी नवऱ्याशी कडाक्याचं वाजलं होतं, बोलणंच बंद. महालक्ष्म्या आल्या, दोघींना नेसवायचं होतं, कोठी धरायला दुसरं माणूस हवं. तो आला, न बोलता धरून उभा राहिला. निऱ्या काढता काढता मी म्हटलं, "जरा वर धर." बास. बोलणं सुरू झालं. म्हणून सोडवतही नाही मेलं.

शक्करदरा

माझी आजी दर गुरुवारी ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, जायची आणि घरात गणपतीही बसवायची. ताजुद्दीन बाबांना लोकांनी वेडं ठरवून पागलखान्यात टाकलं होतं. १९०८ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथून आणून आपल्या वाड्यात ठेवलं. आजीनं यातून एकच शिकलं: रस्त्यात कोणी वेडा, फाटका माणूस दिसला की त्याला हाकलायचं नाही. "काय सांगता येते, बाबा असतील." आमच्या ओट्यावर कायम कोणी ना कोणी बसलेलं असायचं. एक तर आमचा रेडिओ घेऊन गेला. आजी म्हणाली, गाणी आवडत असतील.

तर्रीपोहे

आजीला साष्टांग. रेडिओ कुठला होता?

शक्करदरा

मर्फी. वडील अजून हळहळतात.

मिहानवाला

आमच्या पिढीचं कोणी लिहीत नाहीये म्हणून. घरी देव नाही, आम्ही दोघंही मानत नाही. पण परवा बायको म्हणाली, तू रात्री बाराला अमेरिकेचा कॉल घेतोस, पोराच्या वाढदिवसाला लॅपटॉप उघडतोस, लोणावळ्याला गेलो तर आधी नेटवर्क बघतोस. तुझ्या आजोबांनी विठोबासाठी एवढं केलं नसेल. मी म्हटलं, विठोबा ईएमआय भरत नाही. हसली नाही ती.

धापेवाडा_वारी

@मिहानवाला, विठोबानं सावता माळ्याला मळा सोडायला लावला नाही एवढं खरं. आमच्या धापेवाड्याला या एकदा, विदर्भाची पंढरी म्हणतात. आमची नदीसुद्धा चंद्रभागाच. नेटवर्क बेताचंच असते, तेवढंच बरं.

सीताबर्डी_विद्रोही

हे सगळं ठीक, पण आज देशात कोणाकोणाची पूजा चालू आहे ते बघा आणि मग बोला. आमच्या नगरसेवकाच्या वाढदिवसाला दुधाचा

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

इंदोरा_चौक

राजकारण नाही, पण विषय निघालाच आहे तर एक सांगतो, आणि ते मलाच लागू आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल कदाचित, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. मी हे भाषण मुलांना शिकवतो. आणि माझ्या घरात बाबासाहेबांच्या फोटोला रोज सकाळी अगरबत्ती लागते. आई लावते. मुलीनं विचारलं, "आजी, ते देव आहेत का?" आई म्हणाली, "नाही, पण उपकार आहेत." मुलगी म्हणाली, "मग अगरबत्तीनं फिटतात का?" आईनं तिला एक धपाटा घातला आणि अगरबत्ती लावलीच.

मी मध्ये पडलो नाही. त्या कोनाड्याची आठवण आली. रिकामा कोनाडा माणसाला फार दिवस बघवत नाही, हे आजोबांनाही माहीत असणार. प्रश्न एवढाच की तिथं पाटी ठेवायची की अगरबत्ती. आमच्याकडं सध्या दोन्ही आहे.

नास्तिक_धंतोली

@इंदोरा_चौक, मुलीला माझ्याकडून एक चॉकलेट.

खर्राबंद

अपडेट. हा धागा काकांना वाचून दाखवला. कंपाउंडवर खो खो हसले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुह्यं. पण मी शेगावहून परत येतो ना, तवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खर्रा थुंकताना लाज वाटते. मग जाते." म्हणजे कंपाउंड थोडं मोठं आहे, अठरा तासांचं.

जोशी_नव्हे_कोष्टी

मूळ प्रश्नाचं काय झालं? पोळा परवावर आलाय, त्यांना किल्ल्या द्यायच्या आहेत. देवघराचं सांगा कोणीतरी.

माझं मत: टाक आणि बाळकृष्ण मोठ्यानं घ्यावा, डब्याएवढी जागा लागते. देवघर सागवानी असेल तर विकू नका, पुस्तकाचं कपाट करा. शाळिग्राम रोजची पूजा होत नसेल तर मंदिरात द्या. मुखवटे मात्र कोणी मनापासून करणारं असेल त्यालाच.

वैनगंगा_काठ

मुखवटे घराबाहेर जात नाहीत हो. एका चुलीतून दुसऱ्या चुलीत, पण त्याच कुळात. भाऊ नाही म्हणाला तर मोठ्यानंच करायला हवं. नसेल झेपत तर उभ्याऐवजी खड्याच्या करा, पण परंपरा तोडू नका.

काटोलची_सून

@वैनगंगा_काठ, 'मोठ्यानं करायला हवं' म्हणजे मोठ्याच्या बायकोनं. स्पष्ट लिहा.

महालकर

उशिराबद्दल माफ करा, घर रिकामं करत होतो. आजच किल्ल्या दिल्या.

@काटोलची_सून, आईनं काय सोडलं ते सांगायला मला ताईला फोन करावा लागला, यातच सगळं आलं. ताई म्हणाली, आईला एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी चालून आली होती. भाद्रपदात आठ दिवस रजा मिळेल का, एवढंच आईनं विचारलं. मिळणार नाही म्हणाले. बाबांची बढती घरात चाळीस वर्षं सांगितली गेली, दर महालक्ष्म्यांना, पाहुण्यांसमोर, पुरणपोळी वाढताना. ती वाढत कोण होतं? आणि आईची नोकरी मला पंचावन्नाव्या वर्षी फोनवर कळली.

बायकोला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला महालक्ष्म्यांचा राग नाही. पण मला त्यांच्याकडं एकदा पाहुणी म्हणून जायचंय. हात धुऊन पाटावर बसायचं आणि कोणीतरी वाढायचं."

बाकी वाटणी अशी झाली: टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण माझ्याकडं. शाळिग्राम जवळच्या राममंदिरात. देवघरात पुस्तकं ठेवणार, @इंदोरा_चौक यांच्या कोनाड्याची नक्कल म्हणा. काजळी पुसू दिली नाही मी. मुखवट्यांचं बोलणं चाललं असताना ताई म्हणाली, "मी नेऊ का?" आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडं बघत राहिलो. लग्न झालेली मुलगी माहेरच्या महालक्ष्म्या नेत नाही, हे आम्हाला इतकं पाठ होतं की तिला विचारायचं सुचलंच नव्हतं. भावजी म्हणाले, "आमच्याकडं नाहीत, मला कोठी धरता येते."

@वैनगंगा_काठ, तुम्हाला पटणार नाही, कल्पना आहे. आमच्या एका आत्यालाही पटलेलं नाही. तिनं फोन आपटला.

मुखवटे आज रिक्षानं वाडीला गेले. ताई मांडीवर धरून बसली होती.

वैनगंगा_काठ

पटलं नाही. पण ताईंना सांगा, ज्येष्ठेचं सुताचं पोतं सोळा पदरांचंच करा आणि दोघींच्या ओट्या वेगळ्या भरा. अर्धवट करू नका म्हणजे झालं.

दंडवत

महालकर, वहिनींना वाढायला मी येते. प्रसाद घेणार नाही, पण वाढीन.

तर्रीपोहे

मी प्रसाद घेईन, वाढणार नाही. पत्ता टाका.

महालकर

@तर्रीपोहे, पत्ता निरोपात पाठवतो, खरंच या. फक्त एक अडचण आहे. आई सगळं अंदाजानं करायची, कुठंही लिहिलेलं नाही. चाळीस माणसांच्या आंबिलीला ज्वारीचं पीठ किती आणि ताक किती? आणि ते रात्रीच भिजवायचं ना?

काटोलची_सून

रात्रीच. ताक आंबट घ्या. मापं सांगते, पण ती ताईंना नको, भावजींना लिहून घ्यायला सांगा.